बृहदीश्वराच्या भिंतींवरील दोन दप्तरें

रामेश्वराच्या यात्रेस निघालेला महाराष्ट्रीय मनुष्य वाटेंत बहुधा तंजावरास उतरतो. बृहदीश्वराचें शिखर पाहतो, नंदीस हात जोडतो, सरस्वती महालांत घटकाभर घालवितो आणि संध्याकाळच्या गाडीनें पुढें जातो. एखादा जाणता असला तर येथील मराठी शिलालेख कोठें आहे म्हणून विचारतो. देवळांतील कोणी तरी त्यास नैर्ऋत्येकडील भिंत दाखवितो. तो चार अक्षरें लावून पाहतो आणि ‘जगांतील सर्वांत मोठा शिलालेख’ पाहिल्याच्या समाधानांत परत फिरतो. यात्रेकरूनें इतकें केलें तरी पुष्कळ झालें. परंतु ज्यांच्या घरीं रुमाल आहेत, ज्यांनीं मोडी कागदांवर डोळे झिजविले आहेत, त्यांनीं या देवळांत जावयाचें तें निराळ्या तयारीनें जावें असें आम्हांस वाटतें, आणि ती तयारी कोणती हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

या मराठी लेखासंबंधानें आपल्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, दगडावर कोरलेलें तें कागदावर लिहिलेल्याहून अधिक खरें. तेव्हां भोसल्यांच्या मूळ पुरुषांविषयीं या लेखांत जें सांपडेल तें प्रमाण मानावें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, एकोजीनंतर सव्वाशें वर्षांनीं एका चिटणिसानें लिहिलेली ही बखर. दगडावर चढली म्हणून तिची योग्यता वाढत नाहीं, तेव्हां ती बाजूस ठेवावी. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं लेखास चुकीचा प्रश्न विचारला आहे. योग्य प्रश्न कोणता तें त्याच देवळाच्या जोत्यावर कोरलेलें दुसरें दप्तर वाचलें म्हणजे आपोआप ध्यानांत येतें. म्हणून प्रथम त्याकडे वळूं.

पूर्वेकडून आंत शिरतांना दोन गोपुरें लागतात. पहिलें केरळांतकन् तिरुवाशल आणि दुसरें राजराजन् तिरुवाशल. त्यांच्या आंत विस्तीर्ण पटांगण, मध्यें नंदीमंडप, त्यामागें मंडपांसह मुख्य विमान आणि सभोंवार ओवऱ्यांचा प्राकार. विमानाची उंची सुमारें दोनशें फूट आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाहीं ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. सकाळीं किंवा तिसऱ्या प्रहरीं पांच मिनिटें उभें राहिल्यास ती खोटी असल्याचें कोणासही दिसेल. माथ्यावरील घुमटी ऐंशीं टनांच्या एकाच शिळेची आहे हेंही तसेंच. ती अनेक तुकडे सांधून केलेली आहे. अशा कथांवर आम्ही रागावत नाहीं. बांधणारा विसरला गेला म्हणजे लोक बांधणीविषयीं कथा रचतात, एवढेंच त्यावरून समजावें.

आणि येथें बांधणारा खरोखरच विसरला गेला होता. बृहदीश्वराच्या माहात्म्यांत हें देऊळ करिकाल नांवाच्या चोळ राजानें रोगमुक्त होऊन बांधलें असें वर्णिलें आहे, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तेंच लोकांच्या तोंडीं होतें. विमानाच्या जोत्यावर चोहोंबाजूंनीं अक्षरें कोरलेलीं असून रोज शेंकडों माणसें त्यांच्या जवळून प्रदक्षिणा घालीत होतीं. इ. स. १८८६ मध्यें सरकारी लेखवाचक म्हणून नेमले गेलेले डॉ. हुल्त्श यांनीं तीं वाचून ‘दक्षिण भारतीय शिलालेख’ या मालेच्या दुसऱ्या खंडांत प्रसिद्ध केलीं, तेव्हां देऊळ राजराज चोळ (इ. स. ९८५-१०१४) याचें आणि त्याचें मूळ नांव राजराजेश्वर, ही गोष्ट निर्विवाद झाली.

या लेखांचें स्वरूप फार विलक्षण आहे. त्यांत राजाच्या दिग्विजयाची प्रशस्ति आहे, पण ती प्रस्तावनेपुरती. बाकी सर्व हिशेब. राजानें, त्याच्या वडील बहिणीनें म्हणजे कुंदवैनें, राण्यांनीं आणि इतरांनीं देवास जें जें दिलें तें तें दगडावर चढवावें अशी राजाज्ञा असून तिची अंमलबजावणी अक्षरशः झाली आहे. राज्याच्या पंचविसाव्या वर्षीं, २७५ व्या दिवशीं, म्हणजे इ. स. १०१० मध्यें, राजानें शिखरावर ठेवण्यासाठीं तांब्याचा कलश दिला. त्याचें वजन ३०८३ पलम् आणि त्यावर मढविलेल्या सोन्याचें वजन २९२६½ कळंजु, हें तेथें लिहिलें आहे. सोनें कोणत्या मापानें तोललें तेंही सांगितलें आहे. त्या मापास देवाच्याच नांवावरून आडवल्लान् म्हणत. दागिने नोंदतांना त्यांतील मोत्यांची संख्या, मोत्यांचे गुणदोष, आणि वजनांत दोरा व लाख धरिली आहे कीं नाहीं, येथपर्यंत तपशील दिला आहे. जामदारखान्याची यादी करणारा आमचा कोणताही कारकून याहून बारकाईनें लिहिता ना.

नंदादीपाची व्यवस्था पाहावी. एका दिव्यास रोज एक उळक्कु तूप लागावयाचें. त्यासाठीं शहाण्णव मेंढ्या गवळ्याच्या हवालीं करावयाच्या. मेंढी मरते, म्हातारी होते. पण लेखाच्या भाषेंत या मेंढ्या न मरणाऱ्या व न म्हाताऱ्या होणाऱ्या आहेत, म्हणजे गवळ्यानें कळपाची संख्या कायम राखून तूप अखंड पोंचवावें. रोख देणग्या गांवोगांवच्या सभांकडे व्याजानें ठेविल्या असून व्याजाचा दर दर काशु मागें सालीना एक अष्टमांश काशु, म्हणजे शेंकडा साडेबारा, असा आहे. देवळाच्या सेवेस आणिलेल्या चारशें नर्तकींचीं नांवें, त्या मूळच्या कोणत्या देवळांतल्या, त्यांस कोणत्या गल्लीच्या कोणत्या रांगेंत कितवें घर दिलें, आणि प्रत्येकीचा वांटा सालीना शंभर कलम् भात, हें सर्व क्रमानें कोरलें आहे. तेवारम् गाणाऱ्या अठ्ठेचाळीस गायकांची नेमणूक आहे. इ. स. २०२० च्या फेब्रुवारींत येथें कुंभाभिषेक झाला त्या वेळीं मंत्र संस्कृतांत म्हणावे कीं तमिळांत हा वाद न्यायालयापर्यंत गेला व दोन्ही भाषांत म्हणावे असें ठरलें. वाद करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं या अठ्ठेचाळिसांची यादी वाचली होती कोण जाणे.

आतां हें दप्तर आपण विश्वसनीय कां मानतों? तें दगडावर आहे म्हणून नव्हे. देणाऱ्यानें देतांना, घेणाऱ्याच्या समक्ष, उद्यां हिशेब मागितला जाईल या जाणिवेनें तें लिहविलें आहे म्हणून. गवळी, सभा, सोनार, नर्तकी या सर्वांचे हितसंबंध त्या अक्षरांत गुंतले होते. खोटें लिहिलें असतें तर दुसऱ्या दिवशीं तक्रार झाली असती. दगडानें त्यास टिकाऊपणा दिला, सत्यता नव्हे. ही कसोटी मनांत धरून मग पश्चिमेकडे जावें.

जातांना मधल्या शतकांची वास्तु ओझरती पाहिली तरी चालेल. उत्तरेकडील देवीचें मंदिर पांड्यांच्या काळचें, तेराव्या शतकांतलें. सुब्रह्मण्याचें सुबक मंदिर आणि मोठा नंदी हे नायकांच्या काळचे. गर्भगृहाभोंवतींच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गांतील भित्तिचित्रांविषयीं मात्र दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. तेथें नायककालीन चित्रांचा थर होता. त्याखालीं चोळकालीन चित्रें आहेत हें इ. स. १९३१ मध्यें अण्णामलै विद्यापीठाचे गोविंदस्वामी यांनीं दाखवून दिलें. पुढें पुरातत्त्व खात्यानें कांहीं ठिकाणीं वरचा थर अलगद सोडवून निराळा बसविला व खालचा मोकळा केला. पोथीचें जुनें पान खरवडून त्यावर नवा मजकूर लिहिलेला ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या कामाची अडचण सांगावयास नको. हा मार्ग सामान्यतः बंद असतो. दर्शनार्थ्यानें त्याची आशा धरूं नये.

प्राकाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे गणपतीचें मंदिर मराठ्यांच्या काळचें आहे. त्याच बाजूस प्राकाराच्या भिंतीवर आपला मराठी लेख आहे. लिपि बालबोध, मोडी नव्हे. लेखक सरफोजी महाराजांचे चिटणीस बाबूराव. शके १७२५, मंगळवार, तारीख १३ डिसेंबर १८०३ हा त्याचा काळ. भोसले कुळाची पूर्वपीठिका, मालोजी, शहाजी, एकोजी आणि त्यांचे तंजावरचे वंशज असें करीत तो सरफोजीपर्यंत येतो. इ. स. १९०७ मध्यें सांबमूर्ति राव यांनीं तो छापून काढला व पुढें सरस्वती महालानेंही ‘भोंसलेवंशचरित्र’ म्हणून त्याची आवृत्ति प्रसिद्ध केली. म्हणून वाचनासाठीं आज कोणी भिंतीशीं झगडण्याचें कारण नाहीं. सर्वांत मोठा शिलालेख ही बिरुदावली आम्हांस फारशी रुचत नाहीं. मंडालेच्या कुथोडॉ येथें त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरलें आहे. मेवाडांत राजसमुद्राच्या पाळीवर रणछोड भट्टाची राजप्रशस्ति पंचवीस शिळांवर चोवीस सर्गांची आहे. लांबीच्या शर्यतींत आपल्या लेखाचें खरें महत्त्व हरवून जातें. राजप्रशस्तीचा उल्लेख मात्र दुसऱ्या कारणानें करावासा वाटतो. ज्या शिसोदियांपासून भोसले आपला वंश सांगतात त्यांच्याच घराण्याचा इतिहास तेथें दगडावर आहे; पण तो तळें बांधून पूर्ण केलेल्या, गादीवर सुस्थिर बसलेल्या राजसिंहानें कोरविला. सरफोजीची स्थिति काय होती?

तुळजाजीचे पुत्र निवर्तल्यावर त्यानें इ. स. १७८७ मध्यें भोसल्यांच्याच एका दूरच्या शाखेंतील हा मुलगा दत्तक घेतला आणि लवकरच तो वारला. तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंग यानें दत्तविधानास हरकत घेतली. मद्रासचे गव्हर्नर कॅम्बेल यांनीं बारा पंडितांचें मत घेतलें. पंडितांनीं दत्तक अशास्त्र ठरविला आणि अमरसिंग गादीवर बसला. मुलाचा सांभाळ श्वार्ट्‌झ पाद्र्यानें केला व इ. स. १७९३ मध्यें त्यास मद्रासेस नेण्यांत आलें. पुढें पुन्हां शास्त्रार्थ झाला, पहिला निर्णय फिरला, आणि इ. स. १७९८ मध्यें सरफोजी तंजावरच्या गादीवर आला. पुरतें दीड वर्षही झालें नाहीं तोंच, ता. २५ आक्टोबर १७९९ च्या तहानें, राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व भोंवतालचा थोडा मुलूख राहिला. सालीना एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पंचमांश अशी नेमणूक झाली.

तेव्हां १८०३ मध्यें ज्यानें हा लेख कोरविला त्याचें राज्य गेलें होतें, आणि त्या आधीं ‘तूं या वंशाचाच नव्हेस’ असें शास्त्र्यांच्या तोंडून त्यास ऐकावें लागलें होतें. हें ध्यानांत आणिलें म्हणजे त्यानें दानपत्र न कोरवितां वंशचरित्रच कां कोरविलें याचा उलगडा होतो. राजराजाजवळ द्यावयास सोनें होतें; त्यानें सोन्याचा हिशेब लिहिला. सरफोजीजवळ वंश एवढेंच निर्विवाद धन राहिलें होतें आणि तेंही एकदां वादांत सांपडलेलें. त्यानें वंशाचा हिशेब लिहिला. जागाही पाहा. राजवाड्याच्या भिंतीवर, जेथें रेसिडेंट येई जाई तेथें, त्यानें हा लेख कोरविला नाहीं. जेथें आठशें वर्षांपूर्वींच्या राजाचीं अक्षरें अद्याप शाबूत होतीं आणि जें ठिकाण कोणा सरकारच्या तहांत जाणार नव्हतें, तेथें कोरविला. चोळांचे लेख त्यास वाचतां येत होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण या भिंतींवर लिहिलेलें टिकतें हें त्यास रोज दिसत होतें.

तिथीकडेही लक्ष द्यावें. ता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवास नागपूरकर भोसल्यांचा मोड झाला, ता. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, ता. १७ रोजीं देवगांवचा तह झाला. ३० रोजीं शिंद्यांनीं सुर्जी-अंजनगांवचा तह केला. एका भोसले घराण्याच्या मुलुखाची वांटणी होत असतां दुसऱ्या भोसले घराण्याचा चिटणीस शेंकडों कोस दक्षिणेस आपल्या धन्याच्या वंशाची समाप्ति लिहून तारीख घालीत होता. एकाचा दुसऱ्याशीं कार्यकारणसंबंध नाहीं. एवढा मोठा लेख कोरावयास अवधि लागला असलाच पाहिजे. तरीही ही तारीख वाचून आम्ही क्षणभर थबकलों हें कबूल करतों.

आतां मूळ प्रश्न. शहाजीच्या किंवा शिवाजी महाराजांच्या काळाविषयीं या लेखांत जें आहे तें समकालीन साधन नव्हे. तें तंजावरच्या दरबारांत सव्वाशें वर्षें चालत आलेलें ऐकीव व लेखी स्मरण होय. समकालीन पत्राशीं त्याचा विरोध आला तर पत्र घ्यावें, लेख सोडावा. यांत संकोच नको. पण जेथें पत्र बोलत नाहीं आणि तंजावरच्या घरगुती नात्यांचा, शाखांचा किंवा राण्यांचा प्रश्न आहे, तेथें दरबारच्या स्मरणास वजन आहे, कारण ती माहिती त्यांच्या रोजच्या व्यवहारांतली होती. आणि इ. स. १७८७ ते १८०३ या सोळा वर्षांसाठीं हा लेख पहिल्या प्रतीचें साधन आहे, मात्र साक्षीदार म्हणून नव्हे, पक्षकार म्हणून. दाव्यांत वादीची कैफियत जशी वाचतात तसा तो वाचावा: काय सांगितलें, कोणत्या क्रमानें सांगितलें, काय वगळलें. मालोजीविषयींच्या मजकुरांत जो चुका शोधीत बसतो त्याचे श्रम वायां जातात असें नाहीं, पण लेखाचा खरा विषय मालोजी नव्हे.

आपल्या वाचकांस उपयोगी असें आणखी एक सांगावयाचें आहे. या लेखास कागदांचा शेजार आहे. देवळापासून थोड्या अंतरावर, राजवाड्यांत, सरस्वती महालांत मराठी पोथ्याच तीन हजारांवर आहेत आणि मोडी कागदांचे रुमाल निराळे. येथील संस्कृत पोथ्यांची सूचि बर्नेल यांनीं इ. स. १८८० मध्यें छापली. जयराम पिंड्ये याचें पर्णालपर्वतग्रहणाख्यान आणि कवींद्र परमानंदाचें शिवभारत येथूनच दिवेकरांच्या हातीं आलें व १९२३ आणि १९२७ मध्यें छापून निघालें, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. मोडी कागदांपैकीं बऱ्याच रुमालांचें तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें १९८९ मध्यें तीन खंडांत काढलें. महाराष्ट्राच्या भाषेंतील कागद तमिळ वाचकांस आधीं उपलब्ध झाले, याचें श्रेय त्यांस आणि विषाद आपणांस. पेशवाई मोडीस सरावलेल्या डोळ्यांस तंजावरी वळण प्रथम अडतें. चार दिवस बसल्यावर सुटतें.

शहरांत एक दिवस अधिक राहतां आल्यास मराठेशाहीच्या आणखी कांहीं देवस्थानांस जावें. पश्चिम राजरस्त्यावर बंगारू कामाक्षी आहे. कांचीहून आणिलेली ही सुवर्णमूर्ति आणि तिचे उपासक श्यामाशास्त्री यांमुळें दक्षिणी संगीताच्या भक्तांस तें क्षेत्रच झालें आहे. प्रतापसिंहानें बांधलेलें मारुतीचें मंदिर लहान, पण मराठी मनास ओळखीचें वाटणारें. पूर्वेस शहराबाहेर पुन्नैनल्लूरची मारिअम्मा: हिची स्थापना एकोजीशीं जोडतात. मूर्ति वारुळाच्या मातीची असल्यामुळें तिला पाण्याचा अभिषेक नाहीं. दर पांच वर्षांनीं एक मंडळ, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, तैलाचा संस्कार होतो. मराठ्यांचें घराणें परमुलुखांत रुजलें तें बृहदीश्वराच्या भव्य पटांगणांत नव्हे, या मातीच्या देवीपुढें, असें तेथील गर्दी पाहून आम्हांस वाटलें. समर्थशिष्य भीमस्वामींचा मठही याच शहरीं आहे. तंजावर राजघराण्याकडे अठ्ठ्याऐंशीं देवळांचें परंपरागत विश्वस्तपद असून त्यांत बृहदीश्वरही येतो. देऊळ १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे व वास्तूचें रक्षण केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. दुपारीं दार बंद असतें. लेख पाहणारानें सकाळींच जावें, म्हणजे फरशीही पायांस पोळत नाहीं.

आतां करावयाचें काम. शिलालेखाची छापील आवृत्ति, भिंतीवरील अक्षरें आणि या वंशचरित्राचे हस्तलिखित पाठ, हीं तिन्ही समोरासमोर ठेवून शब्दशः ताडून पाहणें अगत्याचें आहे. दगडावरील पाठ एकदां कोरल्यावर बदलत नाहीं; कागदावरील पाठ नकलनवीस बदलतो. अमरसिंगाच्या प्रकरणांत कागद आणि दगड यांत कोठें एका शब्दाचा जरी फरक निघाला, तरी तो मालोजीच्या शंभर तारखांहून मोलाचा ठरेल. तंजावरकडून महाराष्ट्रांत परतलेल्या कित्येक कुटुंबांत ‘चंदी-चंदावरची हकीगत’ अशा मथळ्याखालीं जुनीं बाडें अद्याप पडून असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं अशी प्रत असेल त्यांनीं ती आहे त्या स्थितींत, पानें न जुळवितां व वर नवी शाई न फिरवितां, आमच्याकडे नक्कल करण्यापुरती पाठवावी. पहिल्या व शेवटच्या पानाचा मजकूर आणि तुळजाजीच्या मृत्यूचा प्रसंग एवढें जरी उतरवून पाठविलें तरी ताडण्यास आरंभ करतां येईल.